आखजीची घागर

शुक्रवार, ४ एप्रिल २०२५

त्या सकाळी मी नेहमीसारखीच उठले होते. सडा टाकला, चहाचं आधण ठेवलं आणि कॅन घेऊन आरओच्या टाकीवर गेले. आमच्या हापशीचं पाणी भांड्यांना आणि गुरांना चालतं, पिण्याला नाही. जळगाव जामोद तालुक्यातला आमचा सगळा पट्टाच खारा. गावात आरओ बसेपर्यंत कितीक घरांतल्या माणसांच्या किडन्या गेल्या होत्या, त्यात आमचे हेही. कॅन भरून आणली, खरकटं पाणी मोगऱ्याला घातलं, आणि मग लक्षात आलं की दुपारी तर मला निघायचं आहे. हे पाणी पिणार कोण? मोठी जाऊ सिंधूताई भिंतीपलीकडून हसली. "ने न मंग इमानात. तिकडं पाणी भेटते न भेटते!"

ती परवाची सकाळ. आज मी आयर्लंड नावाच्या देशात, गॉलवे नावाच्या गावी, खिडकीशी बसून लिहिते आहे, आणि खिडकीतून समुद्र दिसतो. उभ्या जन्मात पाहिला नव्हता. माझ्या मुलानं, ऋत्विकनं, इथं कायमचं राहायचे माझे कागद केले. सूनबाई अर्पिता दवाखान्यात नर्स आहे, तिच्या पाळ्या असतात, आणि नात रेणुका चार वर्षांची. चिखलीच्या देवीवरून नाव ठेवलेली. विमानतळावर ती माझ्या गळ्यात पडली ती झोप येईपर्यंत सुटली नाही.

पेटी उघडली तर सिंधूताईनं नऊवारीत गुंडाळून दिलेली कोरी घागर धड निघाली. तडासुद्धा नाही. आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिकडे कुठून आणशील, म्हणाली होती. दोन देणार होती, वजनात एकच बसली.

मंगळवार, ८ एप्रिल

घर लहान आणि नीट. एका ओळीत सारखी घरं, सारखी दारं, फक्त रंग वेगळे. मागच्या दाराबाहेर एक दगडी पायरी, हातभर गवत, बुटकी भिंत आणि पलीकडे समुद्र. वारा असा की पदर डोक्यावर ठरत नाही. रेणूनं मला किनाऱ्याचा रस्ता दाखवला. लोक त्या रस्त्यानं टोकापर्यंत चालत जातात, तिथल्या भिंतीला पायानं एक लाथ मारतात आणि परत फिरतात. का, ते कुणी सांगत नाही. मीही मारली. रेणू पोट धरून हसली.

नळाचं पाणी गोड आहे. तोटी फिरवली की येतं, कितीही. पहिल्या दिवशी मी तोटीशी बराच वेळ उभी राहिले. यांना शेवटच्या वर्षी दिवसाला एक तांब्या पाणी होतं, भाजीतलं आणि औषधाबरोबरचं धरून. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं आणि तांब्या माझ्या ताब्यात होता. उन्हाळ्यात हे ओठ चाटत माझ्याकडे बघायचे. शेवटच्या दुपारी "मंजुळा, घोटभर" एवढंच म्हणाले. मी ओला कापूस ओठांवरून फिरवला. नियम होता.

असो. रेणूला भाकरी आवडली.

शनिवार, १९ एप्रिल

शेजारच्या हिरव्या दारात नोरा नावाची म्हातारी एकटी राहते. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. तिनं डब्यात सोड्याचा जाड तपकिरी पाव आणून दिला. मी डबा धुतला, शंकरपाळे केले आणि भरून परत दिला. ती घेईना. अर्पिता मधे बोलली, तेव्हा मी तिच्याकडून सांगवलं की आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, ते बरं नसतं. नोराला हे फार पटलं. परवा माझी लोणच्याची वाटी तिनं जॅम भरून परत पाठवली आणि लांबूनच बोट हलवलं, रिकामी नाही हं, अशा अर्थानं.

तिचा नवरा मार्टिन मासेमारीला जायचा. चाळीसेक वर्षांपूर्वी होडी बुडाली. तो सापडलाच नाही. तिच्या दारामागच्या खुंटीवर त्याचा निळा स्वेटर अजून टांगलेला आहे. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. यांचं धोतर माझ्या पेटीत आहे.

बुधवार, ३० एप्रिल

आज आखजी. आमच्याकडे या दिवशी पितरांना पाणी देतात. वैशाखाच्या उन्हात गेलेली माणसंही तहानलेली असतात, म्हणून कोरी घागर भरायची, वर डांगर, आमचं गावरान खरबूज, ठेवायचं, नाव घ्यायचं आणि या म्हणायचं. माझ्या सासूबाई दोन घागरी भरत. एक आपल्या माणसांची, दुसरी ज्यांचं कुणी नाही त्यांची.

पुरण केलं. निखारा करून त्यावर पितरांसाठी तुपाचा घास टाकायला गेले, तर छताला लावलेलं यंत्र किंचाळायला लागलं. ऋत्विक खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालत बसला, रेणू टाळ्या पिटत होती. घास राहिला. डांगर मिळालं नाही, खरबुजाची फोड ठेवली.

घागर मागच्या पायरीवर मांडली, कारण पूर्वेला कचऱ्याचे डबे होते. समुद्राकडे तोंड करून यांचं नाव घेतलं. आज पोटभर प्या म्हटलं, आज मोजणार नाही. दुसरी घागर नव्हती, पण सासूबाईंची शिकवण मोडवेना. त्याच घागरीवर हात ठेवून म्हटलं, ज्यांचं कुणी नाही त्यांनीही यावं.

खरं तर पूजा झाली की घागर कुणाला तरी द्यायची असते. ऋत्विक म्हणाला, "इथं कोन घेईन व आई तुही घागर? राहू दे न तशीच." तशीच राहू दिली.

गुरुवार, १ मे

मातीची घागर पाझरते. सकाळी पाणी बोटभर उतरलेलं असतं, आणि तेच बघायचं असतं, की पितर प्याले.

आज पाणी उतरलं नव्हतं. काठोकाठ होतं. काल मी गळ्यापर्यंतच भरलं होतं. ऋत्विक म्हणाला, पाऊस पडला असेल. पायरी कोरडी होती.

बोट बुडवून जिभेला लावलं. खारं.

मी पायरीवर बसून रडले, पण आनंदानं. ती चव मला पाठ आहे. आमच्या हापशीची चव. इतक्या लांब, दर्यापार, माझ्या बोलावण्यावर हे आले. आपलं पाणी घेऊन आले.

रविवार, ४ मे

इथे रात्री नऊपर्यंत ऊन असतं. जेवणं झाली की मी मागच्या पायरीवर घागरीशी बसते आणि यांच्याशी बोलते. सोयाबीनचं सांगितलं, धाकट्या पुतण्याच्या सोयरिकीचं सांगितलं. बरं वाटतं. रोज सकाळी घागर काठोकाठ, आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर दारापासून आत ओली पावलं. मी ती पदरानं पुसते. अर्पिताला ओलं चालत नाही.

रेणूला मी सांगितलं की आजोबा येतात. तिला ठाऊक होतं. आजोबा काल तिच्या खोलीत येऊन बसले होते म्हणाली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. यांनी नातीला कधी पाहिलं नव्हतं.

मग हट्टानं तिनं घागरीतलं पाणी मागितलं. वाटीभर दिलं. पितरांचं पाणी म्हणजे प्रसादच. खारं असून तिनं तोंड वाकडं केलं नाही, आणखी मागितलं.

मंगळवार, ६ मे

यांच्या डाव्या पायाला अंगठा नव्हता. ट्रॅक्टरखाली गेला होता. आमच्या लग्नाच्या आधीची गोष्ट. शेणानं सारवलेल्या अंगणात यांचं पाऊल मी कितीदा पाहिलं आहे.

आज पुसायला वाकले आणि नीट पाहिलं. डाव्या पावलाला पाचही बोटं होती. शेजारी दुसरं पाऊल, बुटाचं. त्यामागे एक फार लहान. मग आणखी. एकात एक मिसळलेली, सगळी आत येणारी.

बाहेर जाणारं एकही नाही.

रेणूला विचारलं, आजोबा कसे दिसतात. ती चित्र काढत होती, मान वर न करता सांगत होती. एकाला निळा स्वेटर आहे. एकाला डोळे नाहीत. एक बाळ आहे, ते रडत नाही, त्याच्या तोंडातून पाणी येतं. ते म्हणतात आमच्याकडे खूप जागा आहे.

गुरुवार, ८ मे

घागर मोरीत ओतली. पालथी घालून पायरीवर ठेवली. रेणूला अंघोळ घालून आले तर सुलटी, भरलेली. त्यात हिरव्या फितीसारखं शेवाळ. समुद्रात फेकायला उचलली, तर हातात जड झाली, भरल्या पोटाच्या बाईसारखी. हलेना.

नोरा भिंतीपलीकडून बघत होती. अर्पिता घरी होती म्हणून बोलणं झालं. मी सगळं सांगितलं नाही, सणाची घागर आहे, गेलेल्यांसाठी, एवढंच. नोराचं तोंड पांढरं पडलं. म्हणाली, समुद्राकडच्या दारात पाणी ठेवायचं नसतं. समुद्रात गेलेल्याला तहान नसते. त्याला कोरडी जागा हवी असते आणि सोबत हवी असते.

थोड्या वेळानं तिनं अर्पिताला हळूच काही विचारलं. अर्पिता हसली आणि मला म्हणाली, "त्या विचारून राह्यल्या, त्याईचा मार्टिन आला व्हता काय म्हणून."

मी नाही म्हणाले.

शुक्रवार, ९ मे

सिंधूताईला फोन लावला. तिच्याकडे दुपार, ऊन त्रेचाळीस. सगळं ऐकून ती एकदम भडकली. "काऊन वो मंजुळे, घागर घरातच ठेवली? देल्ली नाही कोनाले? अवो, ज्याच्या हाती घागर, त्याच्या घरी पित्तर! देऊन टाकाव लागते ते! अन् दोन्हीची एकच केली? कुठं गेली व्हती तुही अक्कल?"

मी विचारलं, कुणाला देऊ.

ती म्हणाली, कोनालेबी. पन राजीखुशीनं घेतली पाह्यजे.

शनिवार, १० मे

सकाळी रेणूचे केस ओले. उशी कोरडी. छातीत पाणी खळखळतं, खोकली की ओठांवर मीठ. दवाखान्यात फोटो काढला. काही नाही म्हणाले. सर्दी.

ऋत्विकला खरं सांगितलं. सांगायला नको होतं. तो अर्पितासमोर म्हणाला, "बाबा जित्ते व्हते तवा तू त्याईले घोटभर पाणी देलं नाही, अन् आता घागरी भरून राह्यली काय?"

अर्पितानं मान खाली घातली.

मला जूनमध्ये परत पाठवणार आहेत. तोवर रेणूला एकटीनं न्यायचं नाही, तिच्या खोलीत झोपायचं नाही. मागच्या दाराला त्यांनी कुलूप लावलं आणि किल्ली ऋत्विकनं ठेवली.

कुलपानं काय होणार. ते आधीच आत आहेत.

रविवार, ११ मे

रेणू जेवत नाही. फक्त पाणी मागते. नळाचं दिलं तर थुंकते.

बारीक झाली आहे. हाताची कातडी सुरकुतली आहे, खूप वेळ धुणं धुतल्यासारखी.

दुपारी तिनं मला विचारलं, आजी, बुडताना दुखतं का. ते म्हणतात थोडंच दुखतं.

मी भिंतीपलीकडे बघत बसले. नोरा दोरीवर कपडे घालत होती. एकटी आहे. मुलंबाळं नाहीत. वय झालं आहे. आणि तिला तो हवा आहे.

हे सगळं मी शांतपणे विचारात घेतलं. वेड लागलं नव्हतं.

सोमवार, १२ मे

अर्पिता झोपली होती. रात्रपाळी करून आलेली. किल्ली ऋत्विकच्या दुसऱ्या पँटीत.

घागर आज उचलली. हलकी होती. जणू तिलाही जायचं होतं.

गव्हाची ओंजळ, खरबूज, माझं कोरं पातळ, सगळं रीतीनं घेतलं. रेणूचं बोट धरून हिरव्या दाराशी गेले. मला इंग्रजी येत नाही. रेणूला म्हटलं, सांग नोरा आजीला, ही घागर घेतली की तुझा मार्टिन घरी येतो. रेणूनं सांगितलं. आणि मी न शिकवलेलंही काही सांगितलं, कारण नोरा एकदम खुंटीवरच्या त्या निळ्या स्वेटरकडे वळली.

मी तिला थांबवू शकत होते.

तिनं दोन्ही हातांनी घेतली. माझे हात हातात घेतले, गालाला लावले. रडत होती, हसत होती. संध्याकाळी तिच्या खिडकीतून पाहिलं. टेबलावर दोन कप मांडले होते, केस विंचरले होते, स्वेटर शेगडीपाशी ऊब द्यायला ठेवला होता.

रेणू आज वरण-भात जेवली. दोनदा मागून घेतला. केस कोरडे.

मी देवाला दिवा लावला. झोप लागली.

मंगळवार, १३ मे

नोराच्या दारात दवाखान्याची गाडी. अर्पिता जाऊन आली. नोरा पलंगावर मरून पडली होती म्हणे. अंथरूण कोरडं. कुशीवर वळवली तर तोंडातून पाणी येतच राहिलं — येतच राहिलं —

कपात वाळू होती. एकातच नाही. दोन्ही कपांत.

रेणू अंगणात खेळते आहे. गाते आहे. तिच्याकडे बघून मी एवढंच लिहिते, की पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईन.

ऋत्विकला वाटतं मला धक्का बसला. चहा करून दिला त्यानं. आई म्हणाला.

बुधवार, १४ मे

मागचं दार उघडलं.

पायरीवर घागर.

बाहेरून स्वच्छ पुसलेली. तोंडावर माझंच पातळ, घडी घालून. काठोकाठ. खारी.

पायरीवर ओली पावलं. म्हाताऱ्या बाईची, लहान, नोराच्या सपातांची. आत येणारी.

रिकामं परत करत नाहीत — मीच शिकवलं होतं तिला — मीच —

रेणूचे केस ओले. ती म्हणते, नोरा आजी पण आली. ती बोट हलवते, असं. रिकामी नाही हं.

समोरच्या घरी नेली. दार लावून घेतलं त्यांनी. किनाऱ्यावर एका बाईपुढे धरली. ती हसली, मान हलवली, चालत राहिली, भिंतीला लाथ मारून परत फिरली. राजीखुशीनं कुणी —

सिंधूताईचा फोन लागत नाही.

रेणूचे ओठ निळे. अर्पिता गाडी बोलावते आहे. ऋत्विक मला ओरडतो आहे, मला ऐकू येत नाही, सगळीकडे पाण्याचा —

गुरुवार, १५ मे

रेणूला काल दवाखान्यात ठेवलं नाही. श्वास बरा वाटला म्हणून घरी पाठवलं. रात्र गेली.

देता येत नाही. ओतता येत नाही. ज्याच्या हाती घागर त्याच्या घरी पितर. मग हातातच संपवायची.

आज सकाळी उठले. सडा नाही, पण पायरी धुतली. डोकं विंचरलं. यांचं धोतर अंगाभोवती घेतलं. घागर मांडीशी घेऊन बसले आणि तांब्यानं प्यायला लागले. मोजत नाही. यांना मोजून दिलं, स्वतःला नाही.

पोट फुगलं आहे. जीभ सुजली आहे. अक्षर नीट —

पाणी उतरलं. दोन बोटं उतरलं. उतरतंय. मी पाहिलं. देवा, उतरतंय —

पायरीवर कुणीतरी बसलं शेजारी. ओला पाय. डावा. अंगठा नाही.

आले. हे आले. इतक्या दिवसांनी. ओठ कोरडे, फुटलेले. काही बोलत नाहीत. तांब्याकडे बघतात. तहान लागली आहे यांना, आणि मी सगळं —

थांबा. देते. घोटभर आहे अजून —

हे मान हलवतात. माझ्याकडे नाही बघत. माझ्या मागे बघतात.

रेणू आली आहे. अनवाणी. हातात तिची वाटी. आजोबांना मी देते म्हणते. नाही म्हटलं. ओरडले. आवाज निघत नाही, पाणीच निघतं. ती हसते. घागरीत हात घालते, खांद्यापर्यंत, आणखी खाली, घागर एवढी खोल नाही, रेणू, एवढी खोल नाही ती, हात काढ बाळा, कुणीतरी तिचा हात धरला आत आणि —